बोलावणं नसलेलं घर

आमच्या घरात टीव्हीच्या शेजारी एक काळी डबी आहे. लेकरांच्या शाळेच्या डब्याएवढी. तिच्यावर एक हिरवा दिवा लागलेला असतो. नवा पाहुणा आला की विचारतो, हे काय आहे? मी सांगते, ह्यात शिव्या आहेत. पाहुण्याला वाटतं म्हातारी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नाही.

आमच्या भागात पूर्वी लग्नात हळदीच्या वेळी आणि रुखवत मांडताना दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायच्या आणि गाण्यातून एकमेकींची लाज काढायच्या. विहिणीचं नाक, विहिणीचा स्वयंपाक, नवरदेवाचे पाय, सासऱ्याची मिशी, काही सोडायच्या नाहीत. एका बाजूनं म्हटलं की दुसरीनं लगेच उत्तर द्यायचं. जिला उत्तर सुचलं नाही ती बाजू हरली. आता मांडवात डीजे असतो. त्याच्यापुढं कुणाचाच आवाज चालत नाही, शिवी तर दूरच.

माझी मोठी जाऊ ह्या गाण्यांत पटाईत होती. कुरुंद्यापासून आखाडा बाळापूरपर्यंत तिला लग्नाचं बोलावणं यायचं ते नात्यामुळं नाही, तोंडामुळं. मला गाता येत नाही. मी तिच्या मागं बसून टाळ्या वाजवायची. ती थकली तेव्हा माझ्या सुनेनं तिची गाणी फोनवर घेतली. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली होती. आम्ही तिघी पत्र्याच्या शेडमध्ये बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होतो, आणि जाऊ हात चालू ठेवून एकेक गाणं म्हणत होती. तिनं अट घातली. "बाप्यांच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. आन् परक्या घरात ठेवायचं न्हाई. आपल्या बायकांत राहू दे."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्याबरोबर गाणी गेली नाहीत, कारण ती फोनमध्ये होती. पण फोनमधली वस्तू किती टिकते हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

सुनेनं ती गाणी इंटरनेटवर एका मोठ्या कंपनीच्या जागेत ठेवली, फक्त आमच्या बायकांना ऐकू येतील अशी. काही दिवसांनी कंपनीनं ती काढून टाकली. कळवलं, की मजकूर अश्लील आहे. सुनेनं लिहून विचारलं, कुणी ऐकलं? उत्तर आलं नाही. यंत्रानं ऐकलं होतं. माणसानं ऐकलं असतं तर निदान हसलं तरी असतं. मग पेनड्राईव्हवर घेतली, तर पुतण्यानं, जाऊच्या मुलानं, त्यावर ट्रॅक्टरमध्ये वाजवायला दुसरी गाणी भरली. आणि सुनेचा फोन हळद शिजायच्या कढईत पडला. शिजला. शेवटी कुरुंद्याला दिलेल्या माझ्या लेकीच्या फोनमध्ये होती म्हणून वाचली.

सून गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवते. तिला ह्या यंत्रांचं वेड आहे. तिनं कुठून तरी एक मंडळी शोधून काढली. ही माणसं जगभर विखुरलेली आहेत. त्यांचं एक मोठं गोदाम नाही आणि कुणी मालक नाही. प्रत्येकाच्या घरी एक डबी. माझ्या गाण्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला कुलूप लावायचं आणि वेगवेगळ्या घरच्या डब्यांत ठेवायचे. त्यांच्या सामानाचे तुकडे आमच्या डबीत. एखाददुसरं घर बंद पडलं तरी बाकीच्या घरांतून गाणं पुन्हा जुळतं. निम्म्याहून जास्त घरं एकदम बंद पडली तर मात्र जुळत नाही.

"म्हंजे आपल्या घरात कुणाचं काय ठेवलंय?" मी विचारलं.

"ते दिसत न्हाई, आत्या. कुलूप असतंय. कुण्या परदेशातल्या बाईच्या लेकरायचे फोटो असतील, न्हाईतर कुणाचा अभ्यास."

"आन् लाईट आपली जळणार?"

"त्यायची पण आपल्यासाठी जळून राहिली की."

मला हे पटलं. माझी सासू हळदीचं बेणं कधी एका सावलीत ठेवायची नाही. अर्धं आमच्या आंब्याखाली, अर्धं दुसऱ्या कुणाच्या झाडाखाली, आणि त्यांचं थोडं आमच्याकडं. एकीकडं पाणी शिरलं, सडलं, तर दुसरीकडून लागवडीपुरतं मिळायचं. त्यासाठी तिला कुणी कंप्युटर शिकवला नव्हता, आणि त्या मंडळींनाही कुणी हळद शिकवली नसेल. दोघांना नुकसानीनं शिकवलं.

पण जाऊची अट होती: परक्या घरात नाही. मंडळींच्या पद्धतीत तशी सोय होती. आपल्यापुरतं वर्तुळ आखायचं आणि आपली वस्तू त्याच वर्तुळातल्या डब्यांत ठेवायची. सुनेनं पाच घरं निवडली. आमचं, जाऊच्या मुलाचं, माझ्या लेकीचं कुरुंद्याचं, आणि बाळापूरकडच्या दोन भाच्यांची. सगळी सख्खी. मला ते फार चांगलं वाटलं. इथंच आम्ही चुकलो, आणि तीन उन्हाळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या साली फाल्गुनात कनेरगाव नाक्याकडं आमच्या तिसऱ्या भाचीच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडं लग्नाला जायचं म्हणजे दुपारी जाऊन संध्याकाळी परत असं नसतं. हळद, लग्न, पूजा, जागरण, मग मांडव उतरेपर्यंत राहायचं. लवकर निघालं तर म्हणतात, ह्यांना आमचं जेवण गोड लागलं नाही. आणि घर सोडताना आमच्या सगळ्या घरांत एक रीत आहे: मेन स्विच खाली. भावकीत एकदा बंद घरात तार जळून कापसानं पेट घेतला होता. तेव्हापासून कुलपाच्या आधी स्विच. लेकरालासुद्धा माहीत आहे.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात बायका जमल्या. डीजेवाला अजून आला नव्हता. समोरच्या पक्षाची एक बाई म्हणाली, "तुमच्यात ती म्हातारी व्हती ना, लई तिखट गायची?" बाळापूरची थोरली भाची मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "व्हती काय? आहे. आमी तिला ठेवलीय." आणि सुनेला म्हणाली, "वहिनी, लावा."

सुनेनं फोन काढला. पडद्यावर गोल चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग आलं, की पुरेशी घरं चालू नाहीत.

"काहून?" भाची म्हणाली. "माझ्या घरी तर डबी आहे."

"घर उघडं आहे का तुमचं?"

"उघडं कसं राहील? आमी सगळे इथं."

सुनेनं एकेकीकडं पाहिलं. जाऊचा मुलगा समोर पत्रावळी वाटत होता. लेक माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. दुसरी भाची हळद कालवत होती. पाचही घरं त्या मांडवात होती, आणि पाचही घरांचे स्विच खाली होते. गाणी ऐकायला आम्ही इथं आणि गाणी आमच्या कुलपात. समोरची बाई म्हणाली, "ठेवली म्हणून राहिलात, पर ठेवली कुठं ते इसरलात जणू." त्या बायका इतक्या हसल्या, की एकीच्या हातची हळदीची वाटी सांडली. आम्ही एक शब्द न गाता हरलो. जाऊ असती तर तिनं मला मांडवाच्या खांबाला बांधलं असतं.

परत आलो. स्विच वर केले तसा पुतण्याच्या घरी व्होल्टेजचा धक्का बसला आणि त्याची डबी जळाली. बाकीच्या चार पुन्हा बोलायला लागल्या, गाणी जुळली, सुनेनं आधी ती फोनवर उतरवून घेतली. पण तोवर मंडळींचा निरोप येऊन पडला होता. आमचं सगळं वर्तुळ एकदम गप्प झालं होतं, आणि आमच्याकडं त्यांचंही सामान होतं. मंडळींत त्याच महिन्यात नवा नियम आला होता: ज्या वर्तुळातली सगळी घरं एकदम बंद पडतात ते वर्तुळ चालवायचं नाही. बाकीची घरं बंद असताना चालू राहील असं एक तरी घर दाखवा, नाहीतर तुमच्या डब्या जोडणीतून काढू. मुदत लागवडीपर्यंतची होती.

मी सुनेला म्हटलं, "त्यायला भेटायचं मला."

"भेटायचं म्हंजे फोनवर, आत्या. सगळे चौकोनात दिसतेत."

"चौकोनात तर चौकोनात."

दुपारी तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही बसलो. सात-आठ चौकोन होते. बोलणं इंग्रजीत आणि हिंदीत चाललं होतं. पुण्याचा एक माणूस मराठीत बोलला, फार नम्र.

"आजी, तुमची गाणी आम्हाला नको आहेत असं मुळीच नाही."

"नको असली तरी चालंल," मी म्हटलं. "मी तुमाला ऐकायला दिलीच न्हाईत."

तो हसला. मग म्हणाला, की गावाकडं वीज, व्होल्टेज, सगळ्याच अडचणी; तेव्हा तुमची गाणी एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेत भाड्यानं ठेवा, आम्ही मदत करू. तिथं चोवीस तास चालू असतं.

"कोणत्या कंपनीच्या?"

त्यानं नाव सांगितलं. सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "तीच, आत्या."

"मग न्हाई," मी म्हटलं. "ज्यायनं एकदा आमची गाणी उकिरड्यावर फेकली त्यायच्याच दारात पदर पसरायला जाऊ का? तुमी सगळे ह्या डब्या घेऊन कशाला बसले मग? त्या कंपनीवर इश्वास असता तर तुमी बी तिथंच राहिले असते."

एका चौकोनातली मुलगी हसली आणि तिनं बाकीच्यांना ते हिंदीत सांगितलं. मग ती मराठीत माझ्याशी बोलली. "आजी, नियम गावांसाठी नाही. शहरात एकाच इमारतीतल्या सहा जणांनी एकमेकांकडं सामान ठेवलं होतं. खालचा ट्रान्सफॉर्मर जळाला, सहाही एकदम गेले. त्यांनाही हेच सांगितलंय. तुमच्या डब्यांत माझ्या आजोबांचे कागद आहेत. तुम्ही लग्नाला गेलात की ते माझ्या हातून जातात."

पोरीचं खरं होतं. दुसऱ्याचं बेणं आपल्या सावलीत ठेवायचं आणि कुलूप लावून गावाला जायचं, हे आमच्याकडंही कुणी खपवून घेत नाही. पण हे मी तिला म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "घर दाखवते."

"आत्या, घर कुठून दाखवणार?" शटर वर करताना सून म्हणाली.

आम्ही घर शोधायला लागलो. शाळा सुट्टीत बंद. दुधाचं संकलन केंद्र दोन वेळा उघडतं आणि मध्ये सगळं बंद. तांड्यावर माझी जुनी मैत्रीण आहे. तिचं घर चांगलं, इन्व्हर्टर आहे. पण आमच्याकडं लग्न असलं की ती माझ्या आधी जाऊन बसते आणि घरच्यांना घेऊन येते. गावातलं ज्याचं त्याचं घर मी बोटावर धरलं. ज्याच्याकडं डबी ठेवू म्हणावं तो आमच्या लग्नात वाढपी. वर्षानुवर्षं माणसं जोडली, आणि आता एकही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

सून भाकरी करत होती. तव्याकडं बघत म्हणाली, "आपल्या कोण्याच लग्नाला कोण येत न्हाई?"

मी चुलीत काटकी सारली.

"एक घर आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे कोणतं ते. तू भाकर बघ, जळून राहिली."

आमच्या रानाला लागून एकीचं रान आहे. ती माझ्याच वयाची. तिची धाकटी नणंद आमच्या धाकट्या दिराला दिली होती. ती दोघं पुढं शहरात निघून गेली, राहिलो आम्ही भांडायला. बांधावरून भांडलो. मोजणी झाली, पंच झाले, शिवीगाळ झाली. बांध तिच्या घरानं कोरला. तेव्हाही मी हेच म्हणत होते, आजही हेच म्हणते. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नाही, पाणी नाही, लग्नाचं बोलावणं नाही. आमचे सोयरे एका वाटेनं जातात, तिचे दुसऱ्या. आम्ही गावाला गेलो की तिच्या घरात दिवा असतो, आणि तिचं घर लग्नाला गेलं की आमच्या. इतकी वर्षं हे मला दिसत होतं. उपयोगाचं आहे असं वाटलं नव्हतं.

मी गेले. एक नवी डबी पिशवीत, सून दोन पावलं मागं. बांधावरली ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा लसणाकडं पाहिलं.

"वाट चुकली का काय?"

"न्हाई. तुझ्याकडंच आले."

"मोजणी पुन्यांदा आणायची व्हय? आण. मी आहे अजून."

"मोजणीचं न्हाई. ही डबी तुझ्या घरात ठेवायची आहे."

तिनं लसूण खाली ठेवला. "करणी आणली का?"

"करणी करायची असती तर दारातून कशाला आले असते?"

सुनेनं पुढं होऊन सगळं समजावलं. डबी काय करते, लाईट किती लागते, आम्हाला हेच घर का पाहिजे. तिनं ऐकून घेतलं. शेवटचं कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की मला उठून परत यावंसं वाटलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "मला बोलवत न्हाई, म्हणून मी कामाची."

"व्हय."

"लाज न्हाई वाटत?"

"गरज आहे. लाज घरी ठिवून आले."

तिनं सोललेला लसूण वाटीत भरला. मग विचारलं, "ह्याच्यात आहे काय?"

मला खोटं सांगता आलं असतं. भजनं आहेत म्हटलं असतं तर तिनं तिथंच देवळीत जागा करून दिली असती. पण जी बाई आपलं सामान सांभाळणार तिला काय सांभाळायचं ते कळलं पाहिजे. "माझ्या जावेची गाणी आहेत. शिव्यायची. तुझ्या नणंदेच्या लग्नात तुमाला दिल्या त्या बी आहेत."

"लाव," ती म्हणाली.

सुनेनं लावलं. जाऊचा आवाज त्या ओसरीत निघाला. मागं हळकुंडं टोपल्यात पडल्याचा आवाज येत होता.

विहिणीच्या पुरणपोळीत पुरण शोधून थकले,
गूळ गेला कुठं, तर विहिणीचे गाल फुगले!

तिनं पूर्ण ऐकलं. हसली नाही, रागावली नाही. गाणं संपलं तसं तिनं विचारलं, "फुडं?"

"फुडं काय? संपलं."

"संपलं? मी गप बसले व्हते का त्या दिवशी? माझं उत्तर कुठंय?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. उत्तर नव्हतं. आम्ही जाऊच्या तोंडून घेतलं होतं, आणि जाऊनं स्वतःचंच म्हटलं होतं. समोरच्या बाजूनं काय म्हटलं ते आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"अर्धं भांडण जपून ठिवलं," ती म्हणाली, "आन् तुझी जाऊ सगळीकडं सांगत फिरली, मी जितले म्हणून. माझ्या उत्तरावर ती उठून पाणी प्यायला गेली व्हती. इचार."

"कुणाला इचारू? मेली ती."

"तुला इचार. तू व्हतीस की तिच्या मागं."

होते. जाऊ पाणी प्यायला गेली होती हे खरं आहे. ती हरली म्हणून गेली की तहान लागली म्हणून, हे मी सांगू शकत नाही. तेव्हा गरमी पुष्कळ होती.

तिनं पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाली, "घे फोन हातात." आणि त्या वयात, लसणाचे हात तसेच मांडीवर ठेवून, तिनं म्हटलं. आवाज फाटका झाला होता, पण एक शब्द अडला नाही.

आमच्या पोळीत पुरण न्हाई, तुमच्या पोटात मावंना,
पंगत उठली तीनदा तरी वऱ्हाड तुमचं हालंना!

आणि मग माझ्याकडं बघून:

जावेमागं उभी कोण गं, तुराटी वाळली उन्हात,
तोंड नुसतं हालवती बाई, आवाज न्हाई गळ्यात!

माझी सून हसली. माझ्यासमोर, माझ्या वैरिणीच्या ओसरीवर. तुराटी म्हणजे तुरीची वाळकी काडी, ती मीच. तेव्हा मी तेवढीच बारीक होते.

"हे बी ठिवायचं," ती म्हणाली. "माझं बी, सगळं. आन् नुसतं माझ्या घरात न्हाई. तुझ्या बी घरात. तुझ्या लेकीच्या, भाच्यायच्या, सगळ्यायच्या. हे कबूल असंल तर डबी ठिव, न्हाईतर उचल."

"कबूल."

"आन् किल्ली? तुझ्या सुनेकडंच का? माझ्या घरात माझं गाणं आन् मीच बाहेर?"

सुनेनं तिच्या फोनमध्येही किल्ली घालून दिली. नियमाप्रमाणं ह्या एका डबीत सगळ्या गाण्यांचे सगळे तुकडे ठेवले, म्हणजे आमची सगळी घरं बंद असली तरी तेवढ्या एकीतून चालावं. जाताना मी तिच्या दारातला बोर्ड बघून घेतला.

"काय बघून राहिली?"

"तार चांगली आहे का ते."

"तुझ्या बांधापेक्षा सरळ आहे," ती म्हणाली.

"बांध तूच कोरला."

"निघ आता."

जाऊची अट मोडली का? मोडली. परक्या घरात नाही म्हणाली होती. पुतण्या त्यावर बोलला. आधीच त्याला आईची ही गाणी लोकांसमोर नको वाटतात, आता तर त्याला कारण मिळालं. मी त्याला म्हटलं, तुझ्या आईनं अट घातली तेव्हा मेन स्विचचा विचार केला नव्हता. आणि त्या बाईला तुझ्या आईनं आयुष्यभर शिव्या दिल्या. ती परकी कशी? परक्या माणसाला कुणी इतकं लक्षात ठेवून शिव्या देत नाही. त्याला पटलं नाही. न पटू दे. त्याची जळालेली डबी मी त्याच्याकडं पुन्हा बसवली नाही; आणखी एक नवी आणली ती तांड्यावरच्या मैत्रिणीकडं दिली.

वैशाखात आमच्याकडं लग्न निघालं, बाळापूरच्या एका भाचीच्या मुलीचं, मुलाच्या गावी. पत्रिका आल्या. मुलगा माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, बांधावरल्या घरी पत्रिका देऊन येऊ का? तू जाऊन आली, आता गावात लोक म्हणून राहिले, मिटलं म्हणून."

"काय मिटलं?"

"तुमचं."

"काही मिटलं न्हाई. आन् पत्रिका द्यायची न्हाई."

"असं कसं? त्यायनं आपली गाणी ठेवली. माणुसकी—"

"तिला बोलावलं तर ती यील. ती आली तर तिचा ल्योक यील, सून यील. घराला कुलूप लागंल. मग गाणी कुठून वाजवशील, तुझ्या माणुसकीतून?"

त्यानं सुनेकडं पाहिलं. सून म्हणाली, "आत्या बराबर म्हणून राहिल्या."

पत्रिका दिली नाही. आमच्या गावात पत्रिका न देणं म्हणजे तोंडात मारणं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आम्ही निघालो, सगळी घरं मिळून, दोन टेम्पोंत. निघताना स्विच खाली, कुलूप. टेम्पो तिच्या घरासमोरून गेला तेव्हा ती दारात उभी होती. हात वर केला नाही. मीही केला नाही. खिडकीतून तिच्या टीव्हीजवळचा हिरवा दिवा दिसला तेवढा बघितला.

हळदीला डीजे आला होता. भाचीनं त्याला आणि बाकीच्या बाप्यांना जेवायला पाठवलं आणि सुनेनं फोन स्पीकरला जोडला. लागलं. पहिल्याच झटक्यात. आमच्या सगळ्या घरांना कुलपं होती आणि जाऊ मांडवात गात होती. समोरच्या बायका आधी दचकल्या, मग त्यांच्यातल्या एका म्हातारीनं कंबर बांधली आणि उत्तर दिलं. खरं, जिवंत, बसल्या जागी रचलेलं. आमच्याकडं त्यावर म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा सुनेनं वैरिणीचं लावलं. तीनदा उठलेली पंगत आणि न हलणारं वऱ्हाड. समोरच्यांची म्हातारी खाली बसली. आम्ही जिंकलो ते तिच्या तोंडानं. तुराटीचं लावू नको म्हणून मी सुनेला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं लावलं.

परत आल्यावर मी रानात गेले. ती पलीकडं ढेकळं बघत होती. आमच्यात बांध होता, तिनं कोरलेला.

"वाजलं का?" तिनं विचारलं.

"वाजलं. तुझं बी."

"पत्रिका न्हाई दिली."

"न्हाई दिली."

"बरं केलं," ती म्हणाली. "माझ्या दिराच्या नातवाचं लगीन आहे आता. वाट बघू नको."

मंडळींनी आमचं वर्तुळ ठेवलं. त्या मुलीनं सुनेला कळवलं, की आजोबांचे कागद जागेवर आहेत. पुण्याच्या माणसानं विचारलं, की हे घर तुम्ही कसं शोधलंत, बाकीच्यांना सांगता येईल का? मी सुनेला म्हटलं, त्याला लिही, आधी कुणाशी तरी नीट भांडण कर आणि मग ते टिकव.

तिच्या दिराच्या नातवाचं लग्न आमच्याच गावात झालं. सगळ्या गावाला बोलावणं होतं, आमचं घर सोडून. दुपारी गल्ली रिकामी झाली. तिच्या घराला कुलूप होतं, म्हणजे तिच्या मंडपात वाजणाऱ्या गाण्यांसाठी दिवा ठेवायची पाळी आता आमची. मुलगा म्हणाला, हळदीला सरी पाडायच्या आहेत, चल रानात. मी म्हटलं, तुम्ही जा, मला घर सोडता येत नाही. टीव्हीपुढं बसले. डबीचा दिवा हिरवा होता. मंडपाकडून गुलाबजामांच्या पाकाचा वास येत होता. मी बेसन-भाकर खाल्ली आणि ते लोक परत येईपर्यंत मेन स्विचला कुणाला हात लावू दिला नाही.